अनोळखी माणसाचं पत्र

बेअरिंग पत्र पाहिलेली पिढी आता साठीच्या पुढे गेली. पाकिटाला तिकीट लावलंच नसेल किंवा कमी किमतीचं लावलं असेल, तर पोस्ट खातं ते फेकून देत नसे. ते पत्त्यावर पोचवायचं आणि जेवढं तिकीट कमी पडलं त्याच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल करायची, असा नियम होता. पोस्टमन पाकीट हातात देण्याआधी पैशांचं सांगे. मग घरातले लोक वरचं अक्षर न्याहाळत, कुणाचं असेल याचा अंदाज बांधत आणि ठरवत, सोडवून घ्यायचं की परत पाठवायचं. 'आम्हाला नको' म्हटलं की पोस्टमन ते पिशवीत टाकून पुढच्या घरी जाई.

नको असलेल्या ई-मेलचा विचार करताना मला हे बेअरिंग पत्र आठवतं, कारण त्याचाही खर्च घेणाऱ्याच्याच अंगावर पडतो. पाठवणाऱ्याला एक पत्र काय आणि दहा लाख पत्रं काय, जवळजवळ सारखंच. ती साठवायला जागा, वाहून न्यायला वीज, चाळायला यंत्रं आणि शेवटी निवडायला माणसाचा वेळ, हे सगळं इकडच्या बाजूचं. शिवाय 'आम्हाला नको' म्हणायला समोर कुणी उभं नसतं. पत्र आत येऊन पडलेलंच असतं.

कागदी टपालानं हा प्रश्न पूर्वीच सोडवला होता. इंग्लंडमध्ये 1840 साली आणि आपल्याकडे 1 ऑक्टोबर 1854 पासून नवी व्यवस्था आली. पाव तोळा वजनाचं पत्र अर्ध्या आण्याच्या तिकिटावर देशात कुठंही जाऊ लागलं. त्याआधी अंतरावर दर ठरे आणि पुष्कळदा पैसे घेणाऱ्याला मोजावे लागत. पैसे आधी भरायचे आणि पाठवणाऱ्यानं भरायचे, हा पायंडा तिकिटानं पाडला. त्यानं काय साधलं ते कळायला संतोषी मातेची पोस्टकार्डं आठवावीत. हे पत्र मिळताच अकरा जणांना लिहा, लिहिलंत तर भरभराट होईल, फाडलंत तर अरिष्ट येईल, अशा अर्थाची ती कार्डं कित्येक घरांत येत. कार्ड पंधरा पैशांचं. अकरा कार्डांचे झाले एक रुपया पासष्ट पैसे, आणि तोच मजकूर अकरा वेळा हातानं उतरवून काढायचा. मनातली भीती खरी असे, पण कंटाळाही खरा असे, आणि बहुतेक साखळ्या त्या कंटाळ्यापाशीच तुटत.

ई-मेलच्या रचनेत हा कंटाळा कुठेच नाही. ज्यांनी ती रचना केली त्यांना धोका दिसत नव्हता असंही नाही. इंटरनेटच्या उभारणीत ज्याचा फार मोठा वाटा आहे त्या जॉन पोस्टेलनं नोव्हेंबर 1975 मध्ये एक छोटं टिपण लिहिलं, आणि त्याचा विषयच नको असलेलं टपाल हा होता. अर्पानेट या तेव्हाच्या जाळ्यावरच्या संगणकाला काही निवडक संदेश नाकारण्याची सोयच नाही, हवा असलेला एक संदेश मिळवायचा तर आलेले सगळे वाचावे लागतात, ही अडचण त्यानं त्यात नोंदवली. तीन वर्षांच्या आतच ती खरी ठरली. मे 1978 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या विक्री विभागातल्या गॅरी थुर्कनं आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात जवळपास चारशे जणांना एकदम पाठवली. पत्ते छापील सूचीतून काढून टाईप केले होते. ते इतके झाले की पत्त्यांच्या रकान्यात मावेनात, आणि उरलेले सांडून खालच्या मजकुरात आले. लॉस एंजेलिस आणि सॅन मटेओ इथे प्रात्यक्षिकं आहेत, बघायला या, एवढंच निमंत्रण होतं. पण ते जाळं अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चाले, तिथे धंद्याची जाहिरात करायला मुभा नव्हती. लोक रागावले, खात्याकडून समज मिळाली. थुर्क मात्र आपली यंत्रं त्या पत्रामुळे खपली असं पुढे अनेक वर्षं सांगत राहिला.

मेल वाहून नेण्याचे जे नियम पोस्टेलनं 1982 साली लिहून काढले, त्यांवरच आजचा सगळा व्यवहार उभा आहे. 'प्रेषक' या जागी काय लिहायचं ते त्या नियमांत पाठवणाऱ्यावर सोडलेलं होतं. विद्यापीठं आणि संशोधन संस्था यांच्यातला तो पत्रव्यवहार, त्यात खोटं नाव लिहून कुणाला काय मिळणार होतं? पुढे तीच रचना जगभर गेली. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं आणि थोड्याच वर्षांत हॉटमेल, रेडिफ यांचे फुकट पत्ते घरोघर झाले. त्या पत्त्यांबरोबर मूळचा भाबडा विश्वासही आला.

त्या विश्वासाबद्दल पोस्टेलच्या पिढीला दोष द्यावा असं मला वाटत नाही. ओळख नसताना, कुणाची शिफारस नसताना, कोणीही कोणालाही लिहू शकतो ही फार मोठी गोष्ट त्यांनी जगाला दिली. तिचा गैरफायदा घेणाऱ्यांवरचा माझा राग याच कारणासाठी आहे. त्यांनी माझे दोन-चार तास खाल्ले हे तर आहेच. त्याहून वाईट हे की त्यांच्यामुळे अनोळखी माणसाच्या पत्राकडे आपण सगळेच संशयानं बघायला लागलो.

हा धंदा चालतो कशावर, याचा एक हिशेब उपलब्ध आहे. 2008 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आणि बर्कले इथल्या संशोधकांनी 'स्टॉर्म' नावाच्या जाळ्यात शिरकाव केला. मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या घरगुती संगणकांचं ते जाळं होतं आणि त्यातून औषधांच्या जाहिराती जात. संशोधकांनी त्यांतली काही पत्रं आपण उभ्या केलेल्या नकली दुकानाकडे वळवली. तिथे पैसे घेतले जात नसत, गिऱ्हाईक खरेदीच्या टप्प्यापर्यंत आलं की नोंद होई आणि काम संपे. 26 दिवसांत सुमारे 35 कोटी मेल गेले. खरेदीपर्यंत पोचली ती माणसं 28.

सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डानं हाच धंदा करायचा म्हटलं तर त्या एका गिऱ्हाइकामागे पावणेएकोणीस लाख रुपये घालावे लागले असते, आणि ते गिऱ्हाईक घेणार शंभरेक डॉलरचा माल. म्हणजे हा व्यवहार टिकतो तो केवळ तिकीट नाही म्हणून. उरलेल्या एक कोटी चोवीस लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव लोकांच्या त्रासाची किंमत कोणीच भरत नाही.

उपाय सुचला तोही तिकिटाचाच. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी 1992 साली असं मांडलं की प्रत्येक पत्रागणिक पाठवणाऱ्याच्या संगणकाला एक लहानसं गणित सोडवायला लावावं. एक पत्र पाठवणाऱ्याला ते जाणवणारही नाही, दहा लाख पाठवणाऱ्याची यंत्रं मात्र घाईला येतील. 1997 मध्ये ॲडम बॅकनं 'हॅशकॅश' या नावानं ती कल्पना प्रत्यक्षात आणली. टपालात ती रुजली नाही. ज्यांच्याकडे लोकांचे बळकावलेले हजारो संगणक फुकट राबायला आहेत, त्यांना गणिताचं भय कशाला वाटेल? पुढे तीच कल्पना बिटकॉइनच्या कामी आली. टपालाच्या कामी ती यायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

माझा या प्रश्नाशी संबंध दिवाळी अंकामुळे येतो. आमचा अंक साताऱ्याहून निघतो. पावसाळ्याच्या तोंडावर साहित्याचं आवाहन छापलं की कथा, कविता, लेख यायला लागतात. पूर्वी जाड पाकिटं येत. फुलस्केपच्या एकाच बाजूला लिहिलेला मजकूर, वर टाचणी, आणि साभार परत आलं तर म्हणून स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत. आता जवळपास सगळं मेलनं येतं. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा नामवंतांच्या जोडीला नवखे लिहीत गेले म्हणून जिवंत राहिली. नामवंतांकडे मी स्वतः फोन करून मजकूर मागते. नवख्याकडे मागता येत नाही, कारण तो आहे हेच मला माहीत नसतं. त्याचं पत्र यावं लागतं.

आणि ते येतं कोणाच्या गर्दीत? आमच्या अंकाची वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो म्हणणारे. आदरणीय विद्वान अशी हाक मारून जर्नलसाठी शोधनिबंध मागणारे, ज्यांच्या दुसऱ्या परिच्छेदात छपाईचं शुल्क डॉलरमध्ये लिहिलेलं असतं. पार्सल अडकलंय, पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा म्हणणारे. मेलबॉक्स भरलाय, पासवर्ड पुन्हा टाका म्हणणारे. परदेशातल्या मृत धनिकाची रक्कम आपल्या खात्यात वळती करायची आहे म्हणणारे. या शेवटच्या गोष्टी इतक्या ढोबळ कशा, असा प्रश्न मला पूर्वी पडे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्लीनं 2012 मध्ये त्याचं उत्तर दिलं आणि ते वाचून मी अस्वस्थ झाले. कथा मुद्दामच अविश्वसनीय ठेवलेली असते. चौकस माणूस हसून पत्र पुसून टाकतो, म्हणजे त्याच्यामागे ठगाचे पुढचे कष्ट वाया जात नाहीत. उत्तर देतो तो सगळ्यांत भोळा. म्हणजे आपण ज्या पत्राला हसतो, ते हसणाऱ्यांसाठी लिहिलेलंच नसतं. ते गावातल्या कुणा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यासाठी लिहिलेलं असतं.

या गर्दीतून हवं ते निवडून देणारी चाळणी आज बऱ्यापैकी चांगली झाली आहे. तिच्यामागे अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचं गणित आहे. तो 1761 साली वारला, आणि ज्या लेखामुळे त्याचं नाव राहिलं तो त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. काही खूण दिसली की आपला आधीचा अंदाज किती बदलावा, असा तो विचार आहे. ऑगस्ट 2002 मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरनं तो टपालाला लावून दाखवला. नियम माणसानं लिहीत बसायचे नाहीत. चांगल्या पत्रांचा एक ढीग आणि रद्दीचा एक ढीग संगणकापुढे ठेवायचा, कोणता शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते त्यानं मोजायचं, आणि नव्या पत्रातले शब्द बघून ते कुठल्या ढिगात शोभेल ते ठरवायचं. ग्रॅहमनं त्या लेखात एका गोष्टीवर भर दिला होता, आणि संपादक म्हणून मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. रद्दीतलं एखादं पत्र इनबॉक्समध्ये आलं तर फक्त त्रास होतो. खरं पत्र रद्दीत गेलं तर नुकसान होतं.

नवख्या लेखकाचं पत्र चाळणीला कसं दिसत असेल, त्याचं एक उदाहरण माझ्यासमोर आहे. प्रेषकाच्या नावापुढे चार आकडे, पत्ता अगदी नुकता काढलेला. विषयाची जागा कोरी. रात्री दोननंतर पाठवलेलं. आत एक अक्षरही मजकूर नाही, ना नमस्कार ना सही, फक्त एक अटॅचमेंट आणि तिचं नाव 'डॉक्युमेंट'. चाळणीला जे जे संशयास्पद म्हणून शिकवलेलं असतं ते सगळं एकाच पत्रात हजर. स्पॅम फोल्डर मी आठवड्याला एकदा सावकाश बघते, कारण आमच्या मेलसेवेत तिथलं टपाल तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं. फाईल थेट न उघडता आधी फक्त झलक पाहिली. पहिल्याच ओळीत माण तालुक्यातलं एक कोरडं ओढापात्र होतं. मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या एका कुटुंबाची ती गोष्ट होती. रात्री कुणाच्या वावरात मेंढरं बसवायची, शेतकरी त्याचं धान्य किती देणार, यावरून बाप आणि मुलगा यांच्यात होणारी बोलणी लेखकानं अशी लिहिली होती की बापाचा आवाज कानात ऐकू यावा. काना-मात्रा जागोजाग घसरलेल्या, कारण सगळं मोबाईलवर बोलून टाईप केलेलं. पत्रात फोन नंबर नव्हता. मी त्याच पत्त्यावर उत्तर लिहिलं आणि कथा लिहिणारा मुलगा दोन दिवसांनी बोलला. विषयाच्या जागी काय लिहितात ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पत्रात स्वतःबद्दल काय लिहावं हे सुचलं नव्हतं. कथा अंकात छापली, शुद्धलेखन आम्ही केलं, बापाचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेवलं.

म्हणून ओळखीच्याच पत्त्यांवरून आलेले मेल घ्या, बाकीचे परत पाठवा, असा सल्ला मला कुणी दिला की मी तो मानत नाही. तो सोपा आहे, पक्का आहे, आणि घरगुती पत्त्याला कदाचित योग्यही असेल. पण ज्याचं काम अनोळखी माणसावर चालतं त्याला तो परवडत नाही. संपादक, डॉक्टर, ग्रामपंचायत, ग्रंथपाल, शाळेचे मुख्याध्यापक, हे सगळे त्यात आले.

त्याऐवजी एक वेगळी सवय लावता येते, आणि ती मी आमच्या पेठेतल्या वाचनालयात जमणाऱ्या ज्येष्ठांना सांगत असते. तिथे एसटीतून निवृत्त झालेले एक काका येतात. एकदा त्यांनी मोबाईल पुढे केला. पेन्शनचं खातं आज मध्यरात्री बंद होणार, केवायसी लगेच करा, असा मेल होता, वर बँकेचं बोधचिन्ह.

"ताई, नाव तर बँकेचंच लिहिलंय की."

मी त्यांना नावावर बोट ठेवायला सांगितलं. नावामागे दडलेला पत्ता उलगडला. बँकेचं नाव त्यात होतं, पण इंग्रजी 'एल'च्या जागी एकचा आकडा होता, आणि शेपटाला कुठल्याशा परक्या दुकानाचं नाव. काकांनी चष्मा वर करून ते अक्षर अन् अक्षर वाचलं. मग मेलमधल्या निळ्या बटणावर बोट नुसतं दाबून धरायला सांगितलं. बटण उघडलं नाही, ते कुठे नेणार आहे तेवढं दिसलं, आणि तो तिसराच पत्ता होता. "तिकिटाचा नंबर एक आणि ट्रेवर दुसराच," काका म्हणाले. आयुष्यभर तिकिटं तपासलेल्या माणसाला एवढं पुरलं. पुढच्या आठवड्यात शेजारच्या दोघांना तेच शिकवताना मी त्यांना पाहिलं.

सांगण्यासारखं आणखी थोडं आहे. रिझर्व्ह बँकेनं देशातल्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यांवर न्यायला सांगितलं, तेव्हा बँकेच्या नावानं आलेली लिंक दुसरीकडे नेत असेल तर तिथेच थांबावं आणि पत्ता स्वतःच्या हातानं टाईप करावा. ज्या दुकानाच्या मेलयादीत आपणच कधी नाव घातलं असेल, तिथलं 'सदस्यत्व रद्द करा' हे बटण बिनधास्त दाबावं. उघड ठगाच्या पत्रातलं तेच बटण मात्र कधीही दाबू नये, कारण त्यातून त्याला फक्त एवढंच कळतं की या पत्त्यामागे जिवंत माणूस आहे. अशा पत्राला मेलसेवेतल्या 'स्पॅम' बटणानं रद्दीत टाकावं, म्हणजे चाळणीही शिकते. मेलमधली चित्रं आपोआप उघडू नयेत अशी सोय बहुतेक सेवांत असते, ती सुरू करावी. डोळ्यांना न दिसणारं एका ठिपक्याएवढं चित्र पत्रात घालून तुम्ही ते कधी उघडलंत हे पाठवणारा टिपत असतो. जीमेलवर आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि दुकानाचं नाव जोडलेला पत्ता दिला तरी पत्र आपल्यालाच मिळतं, आणि पुढे त्या पत्त्यावर रद्दी येऊ लागली की कुणी आपला पत्ता विकला ते उघड होतं. कुणी तुमचा जुना पासवर्ड लिहून, कॅमेऱ्यातून तुम्हाला पाहिलंय म्हणून धमकावलं, तर घाबरून पैसे देऊ नका. तो पासवर्ड कधीतरी फुटलेल्या एखाद्या कंपनीच्या यादीतला असतो. तो जिथे जिथे वापरला असेल तिथे बदलावा आणि पत्र पुसून टाकावं. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 वर फोन करावा, जितका लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. हे मी दर वेळी सांगते, कारण लाजेनं गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि लाज वाटायला हवी ती त्यांना नव्हे.

आता कायद्याबद्दल. नको असलेले फोन आणि एसएमएस थांबवायला दूरसंचार नियामकानं 1909 हा क्रमांक दिला, नोंदणीची पद्धत लावली. ती पूर्ण चालते असं नाही, पण निदान तक्रारीची जागा आहे. ई-मेलसाठी तशी जागा नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2004 पासून लागू झालेला कायदा पहिलं पत्र पाठवू देतो, पण नको म्हटल्यावर थांबायला बांधून घालतो. युरोपनं 2002 च्या निर्देशात आधी संमती, मग पत्र, असा क्रम ठरवला. कॅनडानं 2014 मध्ये तोच धरला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ मध्ये एक पोटकलम होतं, त्रास देण्यासाठी किंवा उगमाबद्दल फसवण्यासाठी पाठवलेल्या ई-मेलबद्दलचं. पण त्या कलमाचे शब्द इतके सैल होते की त्याचा मारा भलत्यांवरच झाला. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि त्याला पसंती देणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, त्यातून श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते कलम संपूर्ण रद्द केलं. ते रद्द व्हायलाच हवं होतं. पण त्याबरोबर ई-मेलबद्दलच्या त्या चार ओळीही गेल्या, आणि त्या जागी नेमक्या शब्दांचं काहीच आलं नाही. तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला 66ड खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण फसवणूक न करता नुसता छळणारा त्यातून सुटतो. 2023 च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संमती ज्या कारणासाठी दिली त्याच कारणापुरती धरायची आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं ठेवायचं, असं म्हटलंय. तो मला आशेचा वाटतो. तरीही संमतीशिवाय घाऊक मेल पाठवू नये, असं एक सरळ वाक्य आपल्या कायद्यात यावं, आणि ते 66अ सारखं कुणाच्या बोलण्यावर उलटणार नाही इतकं नेमकं असावं, हा माझा आग्रह आहे.

कायद्याशिवायही काही गोष्टी घडल्या. 11 नोव्हेंबर 2008 रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या मॅककोलो या एका कंपनीची जोडणी तोडली गेली आणि जगभरातला स्पॅम एका रात्रीत निम्म्याहून खाली आला. काही महिन्यांत तो पुन्हा चढला, पण हे सगळं किती थोड्या हातांत आहे ते त्या रात्री दिसलं. 2011 मधल्या एका संशोधनात या जाहिरातींतल्या औषधं, नकली घड्याळं अशा मालाचे पंच्याण्णव टक्के पैसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बँकांमधून फिरतात असं आढळलं. सव्वा कोटी घरांमागे धावण्यापेक्षा त्या बँकांच्या दारात उभं राहणं सोपं आहे.

अलीकडे खोट्या प्रेषकाचाही बंदोबस्त होतो आहे. अमुक नावानं पत्र पाठवायला कोणती यंत्रं अधिकृत आहेत याची यादी त्या नावाच्या मालकानं जाहीर करायची, प्रत्येक पत्रावर नक्कल करता न येणारी खूण उमटवायची, आणि ही दोन्ही जुळली नाहीत तर पत्राचं काय करायचं तेही सांगून ठेवायचं, अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था आहे. जाणकार तिला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क म्हणतात. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली, एका टिचकीत नाव काढून टाकायची सोय आणि तक्रारींची मर्यादाही घातली. पोस्टेलच्या नियमांनंतर बेचाळीस वर्षांनी 'प्रेषक' या शब्दाला थोडा भरवसा आला. आमच्यासारख्या छोट्या अंकाला त्याची झळ बसते, कारण वर्गणीदारांना पाठवलेलं आमचंच पत्र त्यांच्या रद्दीत जाऊन पडू लागलं. एका ओळखीच्या मुलानं दोन संध्याकाळी बसून या तिन्ही नोंदी करून दिल्या तेव्हा पत्रं पोचायला लागली. ती मेहनत मला रास्त वाटते. आपलं नाव खरं आहे हे सिद्ध करण्याचं ओझं पाठवणाऱ्यानं उचलायचं, एवढाच तिचा अर्थ आहे. पण माणच्या त्या मुलावर असं कुठलंही ओझं पडू नये, त्याच्या वाटचं आम्ही उचलावं.

त्यासाठी यंदाच्या आवाहनात साहित्याच्या सूचनांखाली काही ओळी वाढवल्या आहेत. विषयाच्या जागी 'कथा', 'कविता' किंवा 'लेख' एवढं तरी मराठीत लिहावं. पत्रात आपलं नाव, गाव आणि फोन लिहावा, स्वतःबद्दल आणखी काही सांगायची गरज नाही. फाईलला कथेचंच नाव द्यावं. मोबाईलवर बोलून टाईप केलेलं चालेल, शुद्धलेखनाची काळजी करू नये. आलेल्या प्रत्येक साहित्याची पोच दिली जाते. आठ दिवसांत ती मिळाली नाही तर आपलं पत्र चुकीच्या जागी पडलं असण्याची शक्यता आहे, तेव्हा संकोच न करता कार्यालयात फोन करावा. दुपारी दोन ते सहा फोन उचलायला कुणी ना कुणी असतं.